१९५६ च्या गोलकीपरचा ड्रेस पवईत बसून कसा बनवायचा? जर्सी, टोपी, बूट आणि विसरला गेलेला एक मुंबईकर

सोसायटीच्या गॅदरिंगला 'रेट्रो' थीम ठरते. कॉलेजच्या फेस्टला जुन्या खेळाडूंच्या वेशात यायचं ठरतं. नाहीतर रविवारी टर्फवर खेळणाऱ्या ग्रुपला एकदा तरी ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातल्यासारखा टीमचा फोटो हवा असतो. दहा जणांचं काम सोपं असतं. ढगळ कॉटनचा शर्ट, जरा लांब चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, झालं. गाडी अडते ती अकराव्यापाशी, म्हणजे गोलकीपरपाशी.

कारण गोलकीपरचे कपडे बाकीच्यांपेक्षा वेगळे का असतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग गुगलवर 'व्हिंटेज गोलकीपर' टाकलं जातं, पहिला फोटो येतो तो सोव्हिएत युनियनच्या लेव्ह याशिनचा, आणि काळा टीशर्ट, काळी चड्डी, वर चपटी टोपी घालून मंडळी मोकळी होतात. त्यात वाईट काही नाही. याशिन मोठाच माणूस होता. १९६३ चा बॅलन डी'ओर त्याला मिळाला आणि आजवर तो मिळवणारा तो एकमेव गोलकीपर आहे.

पण पवईत राहणाऱ्या माणसाला याशिनपर्यंत जायची गरज नाही. मुंबईच्या फुटबॉलमधून पुढे आलेला एक गोलकीपर याशिन ज्या ऑलिम्पिकमध्ये खेळला त्याच ऑलिम्पिकला गेला होता, आणि त्याचा ड्रेस करायला सोपाही आहे. तो कसा करायचा, त्यातल्या कुठल्या गोष्टीमागे काय कारण होतं आणि सामान कुठून आणायचं, ते बघू.

आधी साल ठरवा, मग शिंपी गाठा

'जुना गोलकीपर' असं काही नसतं. १९०५ चा गोलकीपर वेगळा दिसायचा, १९३० चा वेगळा, १९५६ चा वेगळा आणि १९७४ चा तर पूर्णच वेगळा. फसतात ते ड्रेस बहुतेक वेळा इथेच फसतात. तिसाव्या दशकातला उंच गळ्याचा स्वेटर, साठच्या दशकातली टोपी आणि हातात ऐंशीच्या दशकातले जाडजूड ग्लोव्हज, अशी खिचडी होते.

ढोबळ हिशेब असा. १९०९ पर्यंत इंग्लंडमध्ये गोलकीपर टीमच्याच रंगाचा शर्ट घालायचा. डोक्यावर टोपी असली तर असली, पण नुसत्या शर्टावरून तो ओळखू यायचा नाही. त्या काळाचा ड्रेस केलात तर लोक विचारतील, गोलकीपर कुठाय?

विसाव्या-तिसाव्या दशकात तो उंच गळ्याच्या लोकरी स्वेटरमध्ये आला. या काळाचा चेहरा म्हणजे स्पेनचा रिकार्डो झामोरा. चपटी टोपी आणि गळ्यापर्यंतचा स्वेटर ही त्याची ओळख. स्पेनच्या लीगमध्ये सर्वोत्तम गोलकीपरला आजही त्याच्या नावाची ट्रॉफी देतात.

पन्नास-साठच्या दशकात गळा खाली आला, कापड थोडं हलकं झालं. सत्तरच्या दशकात जर्मनीच्या सेप मायरने हातात मोठे पॅडवाले ग्लोव्हज चढवले आणि गोलकीपरचं रूप कायमचं बदललं.

भारताच्या दृष्टीने यातला सोन्याचा काळ तिसरा, म्हणजे १९५१ ते १९६२. दोनदा एशियन गेम्सचं गोल्ड आणि मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर.

ड्रेस कोणाचा? बाबू नारायण यांचा

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय टीममध्ये दोन गोलकीपर होते. एक पीटर थंगराज, हैदराबादचा, सहा फुटांच्या वर उंची, सैन्यातून आलेला. दुसरे एस. एस. नारायण. मैदानावर त्यांना सगळे 'बाबू' नारायण म्हणायचे.

नारायण यांचा जन्म केरळमधल्या ओट्टपालमचा, पण फुटबॉलर म्हणून ते मुंबईचे. माटुंग्याच्या फुटबॉलमधून ते पुढे आले आणि कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या टीमकडून खेळले. तेव्हा मुंबईत कंपन्यांच्या टीम असायच्या. नोकरी आणि फुटबॉल एकाच ठिकाणी. मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा हाही कॅल्टेक्सचाच. १ डिसेंबर १९५६ ची ती मॅच भारताने ४-२ ने जिंकली आणि नेव्हिल ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ ने हरवलं. त्याच युगोस्लाव्हियाला फायनलमध्ये हरवून सोव्हिएत युनियनने गोल्ड घेतलं, गोलमध्ये याशिन.

नारायण १९६० च्या रोम ऑलिम्पिकलाही गेले. दोन ऑलिम्पिकचा हा गोलकीपर ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात वारला. पवईतून ठाणे किती लांब? पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास. तरी 'मुंबईचा जुना गोलकीपर कोण' असं विचारलं तर दहातल्या नऊ जणांना त्यांचं नाव सुचणार नाही. कपड्यांच्या निमित्ताने ते नाव चार फोनवर फिरलं तर बरंच आहे.

थंगराजचा ड्रेस करायचा असेल तरी कृती तीच. ४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तामध्ये दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं तेव्हा गोलमध्ये तोच होता. फक्त त्याच्या ड्रेससाठी उंच मित्र शोधावा लागेल.

रंगाचा घोळ

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. जुने फोटो काळे-पांढरे. त्यात जर्सी गडद दिसते, म्हणून लोक काळी शिवून घेतात. पण फोटोत काळं दिसलेलं काळंच असतं असं नाही.

जुन्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसायचाच नाही. लाल जर्सी फोटोत काळीकुट्ट उतरायची. नंतर पँक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग दिसायचे, तरी गडद हिरवा, गडद निळा आणि मरून हे तिन्ही शेवटी एकाच करड्या छटेत जाऊन बसतात. खुद्द याशिनची 'काळी' जर्सी प्रत्यक्षात खूप गडद निळी होती असं सांगितलं जातं. 'ब्लॅक स्पायडर' हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मग रंग ठरवायचा कसा? नियम बघायचे. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये ठरलं की गोलकीपरने टीमपेक्षा वेगळ्या रंगाची जर्सी घालायची, आणि त्यासाठी लाल, निळा असे मोजकेच रंग दिले गेले. १९१२ मध्ये त्यात हिरवा आला. हा हिरवा इतका चालला की पुढची कित्येक दशकं इंग्रजी गोलकीपर म्हणजे हिरवी जर्सी असंच समीकरण झालं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मॅचसाठी गडद पिवळा रंग ठरवला गेला.

रंग वेगळा का हवा होता, तेही बघा. १९१२ पर्यंत गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हातात घेता यायचा. कॉर्नरच्या गर्दीत वीस हात हवेत असताना बॉलला लागलेला हात कोणाचा, हे रेफ्रीला कळायला नको? म्हणून वेगळा रंग. आजच्या नियमातही तेच आहे, गोलकीपरचा रंग बाकी सगळ्या खेळाडूंपेक्षा आणि रेफ्रीपेक्षा वेगळाच पाहिजे.

भारतीय टीमचा रंग आकाशी निळा. त्यामुळे गोलकीपरला फिकट निळा चालणार नाही. बाटलीच्या काचेचा असतो तसा गडद हिरवा सगळ्यात सुरक्षित. तो त्या काळाला शोभतो, आकाशी निळ्याच्या शेजारी फोटोत उठून दिसतो, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला तर जुन्या फोटोत दिसते तशीच करडी छटा येते. पोपटी किंवा फ्लुरोसंट हिरवा घेतलात तर सगळं मुसळ केरात.

रंग घेताना एक युक्ती करा. दुकानातच मोबाइलवर कापडाचा फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून बघा. जो रंग फिल्टरमध्ये नुसता काळा ठिपका होतो तो टाळा. कापडाची वीण दिसली पाहिजे.

जर्सी: लोकर की कॉटन?

खरं तर लोकर. गोलकीपर मैदानावर सगळ्यात कमी धावतो, नव्वद मिनिटांतला बराच वेळ नुसता उभा असतो. युरोपच्या थंडीत उभं राहून हात-पाय गारठले तर बॉल अडवणार कसा? म्हणून बाकीचे शर्टात आणि हा स्वेटरमध्ये. जाड लोकरीने दुसरंही काम व्हायचं. पडल्यावर कोपर आणि बरगड्या थोड्या वाचायच्या.

पण मुंबईत फुटबॉल हा मूळचा पावसाळ्यातला खेळ. कोरड्या हवेत मैदानं क्रिकेटची, चिखल झाला की फुटबॉलची. लोकरी स्वेटर पावसात भिजला की पाणी पितो, जड होतो आणि खाली लोंबायला लागतो. त्यामुळे मुंबईतल्या गोलकीपरच्या ड्रेसला जाड कॉटनची, होजिअरीची, पूर्ण बाह्यांची जर्सी हा पर्याय जास्त पटण्यासारखा आहे. मेलबर्नच्या फोटोसाठी लोकर करा, कूपरेजच्या फोटोसाठी कॉटन.

कॉटनची करायची तर 'इंटरलॉक' नावाचं दुहेरी विणीचं होजिअरीचं कापड मागा. नेहमीच्या टीशर्टच्या कापडापेक्षा ते जाड असतं आणि त्याला पॉलिएस्टरसारखी चमक नसते. चमक हीच रेट्रो ड्रेसची सगळ्यात मोठी शत्रू. फोटोत एका सेकंदात कळतं.

लोकरीची करायची तर विणणाऱ्या काकू किंवा आजी शोधा. पवईत, विक्रोळीत, घाटकोपरला अजूनही अशा बायका आहेत ज्या नातवंडांसाठी दरवर्षी स्वेटर विणतात. त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. अंगभर सुलट, आणि मनगट, गळा, कमरेला दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी. ही पट्टी ताणली जाते आणि परत जागेवर येते, म्हणून बाही मनगटावर घट्ट बसते आणि बॉल पकडताना मध्ये येत नाही. गळा झामोराच्या काळासाठी उंच आणि दुमडलेला, १९५६ साठी साधा गोल. लोकर दादरच्या किंवा घाटकोपरच्या बाजारात मिळते. अॅक्रेलिकची घेतलीत तरी चालेल, फक्त चकचकीत नको. पूर्ण मापाचा स्वेटर हाताने विणायला आठवडे लागतात, त्यामुळे डिसेंबरच्या मूड इंडिगोला घालायचा असेल तर दिवाळीआधीच काकूंना गाठा.

एवढा वेळ नसेल तर हिवाळ्यात रस्त्यावर लागणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे किंवा जुन्या कपड्यांच्या बाजारात साधा, एकरंगी, नक्षी नसलेला गडद हिरवा स्वेटर बघा. एक साइज मोठा घ्या. तेव्हाच्या जर्सी अंगाला चिकटलेल्या नसायच्या.

खांद्यावर आणि कोपरावर गोधडीसारखं टाचलेलं पॅडिंग लावायचा मोह होईल. लावू नका. ते नंतरच्या दशकांतलं आहे.

पाठीवर नाव नको. खेळाडूंची नावं जर्सीवर यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. छातीवर कंपनीचं नाव नको. नंबरच्या बाबतीत, इंग्लिश लीगमध्ये १९३९ पासून नंबर सक्तीचे झाले, पण जुन्या फोटोंमध्ये गोलकीपरची पाठ बऱ्याचदा कोरीच दिसते. रंगच वेगळा असल्यावर नंबर हवा कशाला? लावायचाच असेल तर पांढऱ्या कापडाचा साधा '१' कापून हाताने टाका घालून लावा. प्लास्टिकचा इस्त्रीने चिकटवायचा नंबर अजिबात नको.

हात मोकळे ठेवा

हे ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण ग्लोव्हज ही गोलकीपरची ओळख झाली आहे. पण १९५६ मध्ये बहुतेक गोलकीपर मोकळ्या हातांनी खेळायचे. पाऊस असेल, बॉल निसटत असेल, तर लोकरीचे, सुती किंवा पातळ चामड्याचे साधे हातमोजे. स्कूटरवाले थंडीत घालतात तसेच.

कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये विल्यम साइक्स या बॉल बनवणाऱ्याने १८८५ मध्येच गोलकीपरसाठी चामड्याच्या ग्लोव्हजचं पेटंट घेतलं होतं. अर्जेंटिनाचा अमादेओ कारिझो चाळीसच्या दशकात ग्लोव्हज घालायचा. पण सगळ्यांनी ते घालायला सत्तरचं दशक लागलं.

तेव्हा फोटोत हात मोकळे ठेवा. जास्तच वाटलं तर दोन बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळा. खेळणाऱ्या कुठल्याही काळातल्या माणसाला ती शोभते.

चड्डी, मोजे, बूट

चड्डी पांढरी किंवा काळी, जाड कॉटन ड्रिलची, घेर मोठा, गुडघ्याच्या चार बोटं वर. शाळेच्या गणवेशाची हाफ पँट शिवणारा कुठलाही शिंपी हे बरोबर शिवून देईल. इलॅस्टिकऐवजी नाडी किंवा कमरेला बटण. खिसे नकोत.

गुडघ्याला साधे कापडी नी-पॅड. घालणं सक्तीचं नाही, पण घातले तर गोलकीपर लगेच ओळखू येतो. हॉलीबॉलचे आजचे पॅड दिसायला फार आधुनिक असतात. त्यापेक्षा कापसाचा जाड थर जुन्या चादरीच्या कापडात शिवून घ्या. मोजे जाड, लोकरी, वरून दुमडलेले.

बूट हा खर्चिक भाग. तेव्हाचे फुटबॉल बूट घोट्याच्या वर यायचे, तपकिरी चामड्याचे, पुढच्या बोटांवर कडक टोपण, आणि तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे स्टड. स्क्रूने बदलायचे स्टड गाजले ते १९५४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये, जर्मनीने पावसात हंगेरीला हरवलं तेव्हा.

इथे एक गैरसमज. 'भारतीय खेळाडू अनवाणी खेळायचे ना? मग बूट कशाला?' असं कोणीतरी म्हणणारच. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते हे खरं आहे. ती मॅच भारताने शेवटच्या क्षणी २-१ ने गमावली. पण १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतल्यावर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. त्यामुळे १९५६ चा ड्रेस करून अनवाणी उभं राहिलात तर ते साल चुकेल.

पवईकरांसाठी सोपा मार्ग आहे. चांदिवली-साकीनाक्याच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांचे उंच घोट्याचे सेफ्टी शूज मिळतात. लोखंडी टोपण नसलेला, तपकिरी किंवा काळा जोड घ्या, सॅंडपेपरने घासून चमक उतरवा, त्यावर जाड पांढरी सुती नाडी बांधा. नाडी इतकी लांब घ्या की बुटाच्या तळाखालून एक वेढा घेऊन वर गाठ मारता येईल. तेव्हाचे खेळाडू तशी बांधायचे आणि फोटोत ही एक गोष्ट लगेच जुनी वाटते. खरं चामडंच हवं असेल तर धारावीच्या चामड्याच्या दुकानांत बनवून घेता येतं.

टोपी घालायची का?

घालायची, पण कारण असेल तर. चपटी टोपी ही फॅशन नव्हती. उन्हाकडे तोंड करून उभं राहावं लागायचं तेव्हा डोळ्यांवर सावली पाडायला ती असायची. संध्याकाळच्या मॅचमध्ये पश्चिमेकडे तोंड असलेल्या गोलकीपरचं काय होतं, हे टर्फवर गोलमध्ये उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारा.

म्हणजे सावलीत किंवा रात्री लाइटखाली फोटो काढत असाल तर टोपी हातात किंवा गोलपोस्टच्या पायाशी ठेवा. उन्हात असाल तर डोक्यावर. टोपी ट्वीडची, आठ तुकडे जोडून बनवलेली, पुढे छोटा शिंगोटा असलेली. बेसबॉलची कॅप उलटी घालून चालत नाही.

बॉलशिवाय फोटो अर्धाच

टर्फवरचा बत्तीस तुकड्यांचा काळा-पांढरा बॉल शेजारी ठेवला की सगळी मेहनत वाया. तो साठच्या दशकाच्या शेवटी रुळला. १९५६ चा बॉल तपकिरी चामड्याचा, लांब पट्ट्या शिवून केलेला. आत रबरी ब्लॅडर, आणि ते आत घालायच्या चिरेवर चामड्याची नाडी. बॉल हेड करताना ही नाडी कपाळावर बसली की रक्त यायचं.

जुने बॉल आजच्यापेक्षा फार जड होते असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. १९३७ च्या नियमाप्रमाणे कोरड्या बॉलचं वजन १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम. आजच्या नियमात ४१० ते ४५० ग्रॅम. फरक पडायचा तो पावसात, कारण चामडं पाणी प्यायचं. मुंबईच्या जुलैमधल्या मॅचच्या शेवटच्या दहा मिनिटांत हा ओला बॉल मोकळ्या हातांनी पकडणं म्हणजे काय, याचा अंदाज करा.

असे बॉल शोभेचे म्हणून ऑनलाइन मिळतात. प्रत्यक्ष बघून घ्यायचा असेल तर कांजूरमार्गहून सीएसएमटी गाठा आणि चालत धोबीतलावला जा, तिथे खेळाच्या सामानाची जुनी दुकानं ओळीने आहेत. चोरबाजारात मटन स्ट्रीटलाही एखादा जुना बॉल हाती लागू शकतो. घासाघीस करायची तयारी ठेवा.

सिनेमावाले हे कसं करतात?

मुंबईच्या उपनगरांत हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेला 'मैदान' हा अमित शर्मा दिग्दर्शित सिनेमा याच टीमवर आणि तिचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर होता. रहीम यांच्या भूमिकेत अजय देवगण, थंगराजच्या भूमिकेत तेजस रविशंकर. स्टेडियमचा सेट मालाडजवळ मढला उभारला होता. लॉकडाऊनमध्ये तो उतरवावा लागला, पुन्हा उभा केला तर मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने त्याची वाट लावली. जुना काळ उभा करणं खर्चिक असतं ते असं.

सिनेमाच्या कपड्यांतून घेण्यासारखी गोष्ट एकच. तिथे एका खेळाडूचा एकच ड्रेस नसतो. कोरा, घामाचा, चिखलाचा, फाटलेला, असे जोड केले जातात, म्हणजे आज पहिला हाफ आणि चार दिवसांनी दुसरा हाफ शूट केला तरी फरक कळत नाही. तुम्हाला चार जोड नकोत. पण कोरा करकरीत ड्रेस घालून उभं राहिलात तर तो ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेला वाटतो.

म्हणून तो थोडा जुना करा. पांढरी चड्डी आणि नाड्या चहाच्या कोऱ्या पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवा, पांढरेपणा मरतो. जर्सीच्या कोपरांवर सॅंडपेपर हलका फिरवा. चिखल हवा असेल तर कुंडीतली लाल माती पाण्यात कालवून एकाच बाजूला लावा, डाव्या नाहीतर उजव्या. गोलकीपर सहसा एका कुशीवर पडतो, दोन्हीकडे सारखा चिखल असला की तो ब्रशने लावल्यासारखा दिसतो.

घालून खेळायचं का?

फोटो काढा, पण पूर्ण मॅच खेळू नका. लोकरी स्वेटर घालून मुंबईच्या दमट हवेत तासभर पळापळ केली तर चक्कर येऊ शकते. सेफ्टी शूज टर्फवर घसरतात. आणि मोकळ्या हातांनी आजचे जोरदार शॉट अडवायला जाऊ नका, बोट मुरगळतं. १९५६ च्याच एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मान मोडलेली असताना शेवटपर्यंत खेळला होता. ती गोष्ट सांगायला बरी.

फोटोसाठी सकाळची वेळ धरा. मागे इमारती नकोत, हिरानंदानीचे खांब तर नकोतच, कारण ते ग्रीक वाटतात. पवई तलावाच्या बाजूची झाडी चांगली. तसा तलाव या विषयाच्या बाहेरचा नाही. तो बांधून झाला १८९१ मध्ये, आणि मुंबईचा रोव्हर्स कप सुरू झाला तोही १८९१ मध्ये. कॅल्टेक्सने १९५८ मध्ये जिंकला तो हाच कप. तलाव आहे, कप २००१ च्या सुमारास बंद पडला.

पोस्ट टाकताना कॅप्शनमध्ये नुसतं 'व्हिंटेज वाइब्स' लिहू नका. एस. एस. नारायण, मेलबर्न १९५६, एवढं लिहिलं तरी पुरे. कोणीतरी विचारेलच.

नंतर स्वेटर मशीनमध्ये टाकू नका, आटून पोराच्या मापाचा होईल. थंड पाण्यात शॅम्पूने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. तलावाकाठच्या हवेत पावसाळाभर कपाटात बुरशी धरते, त्यामुळे जूनच्या आधी ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पिशवीत बांधून ठेवा. बुटांत वर्तमानपत्र कोंबा.